आज्ञावलीचे दर्शनी रूप आणि आयत्या वेळी उघडणारे आराखडे

संगणकावर आपण एखादी आज्ञावली, म्हणजे नित्य व्यवहारात जिला प्रोग्राम म्हणतात ती, उघडली की प्रथम डोळ्यांपुढे येते ते तिचे दर्शनी रूप. एक चौकोनी खिडकी, तिच्या माथ्यावर नावाची पट्टी, खाली काही रिकाम्या चौकटी, दोन-चार बटणे, एखादी यादी. आत कोणते गणित चालले आहे ते आपणांस दिसत नाही. दिसतो तो हा चेहरा. आज्ञावली सोपी वाटली तर त्याचे श्रेय बहुधा या चेहऱ्यास, आणि अवघड वाटली तर त्याचा दोषही बहुधा त्यासच.

परंतु हे रूप साठविलेले असते कोठे? आज्ञावलीच्या पोटात, की तिच्याबाहेर? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तथापि बटणावरील अक्षरे कोणत्या भाषेत असावीत, ती कोणास बदलता यावीत, आणि बदलण्यास एक घटका लागावी की एक महिना, हे सारे या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींस तर हा प्रश्न विशेष जवळचा होय. कारण त्यांच्यापुढे उघडणाऱ्या खिडक्यांवर पुष्कळदा इंग्रजी अक्षरेच असतात. दर्शनी रूपाचा आराखडा निराळ्या फाईलमध्ये ठेवून आज्ञावली चालू असतानाच तो उघडण्याची एक रीत आहे. त्या रीतीचे स्वरूप, तिचा इतिहास आणि तिचे गुणदोष यांचे विवेचन करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

जुनी रीत

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तकांची देवघेव नोंदविणारी लहानशी आज्ञावली करावयाची आहे. खिडकीत एक चौकट विद्यार्थ्याच्या क्रमांकाची, दुसरी पुस्तकाच्या दाखल क्रमांकाची, आणि खाली दोन बटणे: एक पुस्तक देण्याचे, दुसरे परत घेण्याचे.

यास सरळ मार्ग असा की, लिहिणाराने हे सर्व आज्ञांच्याच रूपाने लिहावे. एक खिडकी कर. तिची रुंदी ४०० ठिपके आणि उंची ३०० ठिपके ठेव. तीत डावीकडून ४० व वरून ६० ठिपक्यांवर एक चौकट मांड. तिच्याखाली दुसरी मांड. त्याखाली बटण मांड व त्यावर अमुक अक्षरे लिही. दोन चौकटी आणि दोन बटणे यांसाठी अशा वीस-पंचवीस ओळी सहज होतात. मोठ्या आज्ञावलीत खिडक्याच शंभरावर असतात. मग या ओळींची संख्या किती होत असेल याची कल्पना करावी.

ओळींची संख्या ही त्यातली लहान अडचण. मोठी अडचण निराळीच आहे. सी प्लस प्लस यांसारख्या भाषेत लिहिलेला मजकूर यंत्रास जसाच्या तसा समजत नाही. कंपायलर नावाच्या भाषांतरकाकडून तो यंत्रभाषेत उतरवून घ्यावा लागतो, आणि मग तयार झालेली आज्ञावली प्रत्येक संगणकावर नेऊन ठेवावी लागते. आता ग्रंथपालबाईंना वाटले की, बटणावर ‘रिटर्न’ याऐवजी ‘पुस्तक परत’ असे असावे, कारण पाचवीतील मुलांस ते चटकन वाचता येईल. बदल दोन शब्दांचा. परंतु त्यासाठी आज्ञावली लिहिणारास गाठावे लागणार, त्याने मूळ मजकूर काढून त्यात ती ओळ शोधावयाची, सर्व पुन्हा यंत्रभाषेत उतरवावयाचे आणि नवी आज्ञावली पुन्हा सर्वत्र बसवावयाची. दारावरची पाटी बदलण्यासाठी भिंत पाडून पुन्हा बांधावी, तसाच हा प्रकार. परिणामी पाटी बदलली जात नाही. पाचवीतील मूल ‘रिटर्न’ हाच शब्द चित्रासारखा पाठ करते.

दुसरी रीत

आता दुसऱ्या रीतीकडे वळू. आपल्याकडील जुन्या नाटकमंडळ्या गावोगाव फिरत, तेव्हा त्यांच्या सामानात रंगविलेले पडदे असत. एक अरण्याचा, एक राजवाड्याचा, एक रस्त्याचा. प्रवेश बदलला की आधीचा पडदा वर गुंडाळला जाई आणि दुसरा खाली सुटे. पडद्याचा रंग विटला तर चित्रकार तो पुन्हा रंगवी. त्यासाठी नाटककारास संवाद बदलावे लागत नसत, की नटास पदे पुन्हा पाठ करावी लागत नसत. संहिता एकाकडे, पडदे दुसऱ्याकडे, आणि दोहोंची गाठ पडे ती प्रयोगाच्या वेळी, रंगभूमीवर.

आयत्या वेळी उघडणाऱ्या आराखड्यांची कल्पना नेमकी हीच आहे. काय करावयाचे ते आज्ञावलीत राहते. कसे दिसावयाचे ते एका वेगळ्या फाईलमध्ये लिहिले जाते. आज्ञावली सुरू झाली की ती ही फाईल उघडते, वाचते आणि तीत सांगितल्याप्रमाणे खिडकी उभी करते.

आज प्रचलित असलेले असे बहुतेक आराखडे एक्सएमएल या लेखनपद्धतीत असतात. ही पद्धती १९९८ च्या फेब्रुवारीत प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. तिचा विशेष असा की, प्रत्येक वस्तू खुणेच्या दोन शब्दांमध्ये बंदिस्त असते, एक आरंभाचा व एक शेवटाचा. आणि एका वस्तूच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी असे लिहिता येते. आमच्या ग्रंथालयाच्या खिडकीचा आराखडा मराठीत वाचून दाखवावयाचा तर तो असा होईल: एक खिडकी, तिचे शीर्षक ‘ग्रंथालय: देवघेव’. तिच्या पोटात एक उभी मांडणी. त्या मांडणीत पहिली ओळ: एक पाटी, अक्षरे ‘विद्यार्थी क्रमांक’, आणि शेजारी एक चौकट. दुसरी ओळ तशीच, पुस्तकाच्या दाखल क्रमांकाची. तिसऱ्या ओळीत दोन बटणे. पहिल्यावर ‘पुस्तक द्या’, दुसऱ्यावर ‘पुस्तक परत’.

यात एक गोष्ट बारकाईने ध्यानात घ्यावी. प्रत्येक वस्तूस आराखड्यात दोन प्रकारची अक्षरे चिकटलेली असतात. एक, पडद्यावर दिसणारी अक्षरे. दुसरे, वस्तूचे अंतर्गत नाव, जे वाचकास कधीच दिसत नाही. त्या नावाने केवळ आज्ञावली तिला हाक मारते. हजेरीपटावरील नाव आणि घरात हाक मारण्याचे नाव यांत जो भेद, तोच येथे आहे. दिसणारी अक्षरे मराठीत करा, कन्नडात करा, गुजरातीत करा. हजेरीपटावरील नाव बदलले नाही तोवर आज्ञावलीचे काहीच अडत नाही. या रीतीचे सारे बळ या भेदात आहे. आणि पुढे आपण पाहू त्याप्रमाणे, तिचे दुबळेपणही यातच आहे.

हा आराखडा हाताने लिहिता येतो. पण सहसा तसे कोणी करीत नाही. त्यासाठी एक स्वतंत्र आज्ञावली असते. तीत बटणे व चौकटी बोटाने उचलून खिडकीवर ठेवावयाच्या, हव्या तशा सरकावयाच्या, अक्षरे लिहावयाची. फाईल ती आपोआप तयार करते.

उघडण्याच्या क्षणी काय घडते

आता आज्ञावली सुरू झाली आणि तिला आराखडा उघडावयाचा आहे. हे काम करणाऱ्या भागास आपण ‘उभारणीकार’ म्हणू. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो जी कामे करतो, ती क्रमाने अशी.

प्रथम तो फाईल शोधून उघडतो. ती नसेल किंवा वाचण्याची परवानगी नसेल, तर येथेच काम थांबते. नंतर तो मजकूर अक्षरश: वाचीत जातो आणि प्रत्येक आरंभाच्या खुणेस तिची शेवटाची खूण आहे ना, हे तपासतो. एक जरी खूण सुटली तरी आराखडा अशुद्ध ठरतो. या वाचनातून त्याच्या हाती एक वंशवृक्ष येतो: मूळपुरुष म्हणजे खिडकी, तिची अपत्ये म्हणजे मांडण्या, त्यांची अपत्ये म्हणजे पाट्या, चौकटी आणि बटणे.

यानंतरचे काम सर्वांत मनोरंजक आहे. फाईलमध्ये ‘बटण’ या अर्थाचा केवळ शब्द असतो. शब्द म्हणजे वस्तू नव्हे. त्या शब्दावरून दाबता येईल असे खरेखुरे बटण कसे निर्माण व्हावे? सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली आज्ञावली यंत्रभाषेत उतरली की मूळ मजकुरातील नावांचा तिला फारसा उपयोग उरत नाही. ती नावे मनुष्यासाठी होती. म्हणून उभारणीकारास आपल्याजवळ एक कोष्टक बाळगावे लागते: अमुक शब्द आला तर अमुक वस्तू कर. कोष्टकात नसलेला शब्द आराखड्यात आला, तर ती वस्तू त्यास करता येत नाही. आपण स्वत: एखादी नव्या प्रकारची वस्तू रचली असेल, उदाहरणार्थ पुस्तकाचे मुखपृष्ठ दाखविणारी चौकट, तर तिचा शब्द त्या कोष्टकात आधी नोंदवावा लागतो. याउलट ऑब्जेक्टिव्ह-सी किंवा पायथन या भाषांमध्ये वस्तूंच्या प्रकारांची नावे आज्ञावली चालू असतानाही जिवंत असतात. तेथे नावावरून प्रकार शोधणे सोपे जाते. आयत्या वेळी आराखडा उघडण्याची रीत काही भाषांत लवकर रुजली आणि काहींत उशिरा, याचे एक कारण हेच होय.

वस्तू निर्माण झाल्या की त्यांना गुण दिले जातात: अक्षरे, रंग, आकार, अंतर्गत नाव. मग मांडणीचा हिशेब होतो. कोणत्या वस्तूस किती जागा हवी हे विचारून उपलब्ध जागा वाटून दिली जाते.

खिडकी आता उभी राहिली; पण ती अजून मुकी आहे. येथे पडद्याचा दृष्टांत अपुरा पडतो, कारण रंगविलेल्या पडद्यावरील दार कोणी उघडीत नाही, आणि खिडकीतील बटण मात्र दाबावयाचे असते. म्हणून शेवटचे काम जोडणीचे. ‘देण्याचे बटण’ या अंतर्गत नावाची वस्तू आज्ञावली वंशवृक्षात शोधते आणि ती दाबली गेली की पुस्तक देण्याची नोंद करणारा आपला भाग चालावा, असा धागा बांधते. काही पद्धतींत हा धागाही नावावरूनच आपोआप बांधला जातो: ठरलेल्या नियमाप्रमाणे त्या भागास बटणाच्या नावावरून नाव दिले की उभारणीनंतर दोहोंची गाठ घातली जाते. मग खिडकी पडद्यावर प्रकट होते.

या कल्पनेचा इतिहास

ही कल्पना कोणा एकाची नव्हे. तिची एक महत्त्वाची पायरी अमेरिकेतील ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकात आढळते. हा संगणक १९८४ च्या जानेवारीत बाजारात आला. त्यात मेनू, संवादाच्या चौकटी, चित्रे आणि पडद्यावरील वाक्ये ही यंत्रभाषेतील आज्ञांपासून वेगळी काढून ‘रिसोर्स’ या नावाने साठविण्याची व्यवस्था होती. ही व्यवस्था ब्रूस हॉर्न या अभियंत्याने रचली. आज्ञावलीस एखादा मेनू हवा झाला की ती त्याचा प्रकार आणि क्रमांक सांगून तो मागवून घेई. यामुळे मेनूतील शब्द फ्रेंच किंवा जर्मन करावयाचे तर मूळ आज्ञावलीस हात लावण्याचे कारण पडत नसे. रिसोर्स बदलणारे एक साधन हाती असले की पुरे.

पुढची झेप फ्रान्समधील ज्याँ-मारी उलो यांनी घेतली. संगणकशास्त्रातील संशोधनाची तेथील राष्ट्रीय संस्था इन्रिया येथे काम करीत असता, खिडकी आज्ञा लिहून न करता चित्राप्रमाणे मांडून करावी, या कल्पनेवर त्यांनी साधन रचले. पुढे ते स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट या कंपनीत गेले. १९८८ साली जाहीर झालेल्या नेक्स्ट संगणकाबरोबर त्यांचे ‘इंटरफेस बिल्डर’ लोकांसमोर आले. त्याच्या फाईलींस ‘निब’ म्हणत. नेक्स्ट इंटरफेस बिल्डर या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडले.

निबचा विशेष असा की, तीत खिडकीचे केवळ वर्णन नसे. मांडून तयार केलेल्या वस्तूच, त्यांच्या गुणांसह आणि परस्परांशी बांधलेल्या धाग्यांसह, गोठवून ठेवलेल्या असत. आज्ञावली सुरू झाली की त्या पुन्हा जाग्या केल्या जात. वाळवून ठेवलेल्या भाजीस पाण्यात टाकताच ती फुलावी, तसे ते होते.

या साधनाने काम किती हलके झाले, त्याचे एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली वर्ल्ड वाइड वेबची पहिली वाचक-आज्ञावली रचली, ती याच नेक्स्ट संगणकावर. आणि त्या आज्ञावलीचे कार्य तरी काय? दुसऱ्या कोणी लिहिलेली पानाची फाईल आयत्या वेळी मागवावयाची आणि तीत सांगितल्याप्रमाणे पान पडद्यावर उभे करावयाचे. म्हणजे आज आपण पाहतो ते प्रत्येक वेबपान हेही एका अर्थी आयत्या वेळी उघडलेला आराखडाच होय.

ॲपलने नेक्स्ट ही कंपनी विकत घेण्याचे १९९६ च्या डिसेंबरात जाहीर केले, आणि निबची परंपरा पुढे ॲपलच्या संगणकांत व फोनांत गेली. उलो यांचे २०१९ साली निधन झाले.

इकडे नॉर्वे देशात होवार नूर आणि आयरिक शांब-एंग हे दोघे तरुण १९९० च्या सुमारास अल्ट्रासाउंडची चित्रे साठविणाऱ्या एका आज्ञावलीवर काम करीत होते. ती तीन निरनिराळ्या जातींच्या संगणकांवर चालावी अशी अपेक्षा होती. त्या गरजेतून ‘क्यूट’ या साधनसंचाची कल्पना निघाली, आणि १९९४ साली त्यांनी आपली कंपनी स्थापन केली. या संचातील ‘डिझायनर’ या साधनाने खिडकी मांडली की तिचा आराखडा एक्सएमएल फाईलमध्ये उतरतो. पुढे त्याचे दोन मार्ग आहेत. एक, त्याचे आधीच सी प्लस प्लस मजकुरात रूपांतर करून तो आज्ञावलीत मिसळून टाकावयाचा. दुसरा, फाईल तशीच ठेवून आज्ञावली चालू असता उभारणीकाराकडून उघडावयाची. जीटीके या दुसऱ्या प्रसिद्ध संचातही असा उभारणीकार २००७ पासून अंगभूत आहे.

लाभ आणि जोखीम

आता साहजिकच शंका येईल: इतके लाभ असता पहिला मार्ग मुळी शिल्लक तरी का राहिला? यास कारणे आहेत, आणि ती नीट समजून घेतली पाहिजेत.

पहिले कारण वेळेचे. फाईल शोधणे, वाचणे, तपासणे यांस काही वेळ लागतो. एका खिडकीस तो जाणवतही नाही. परंतु कमी शक्तीच्या यंत्रावर अनेक खिडक्या उघडताना तो जाणवू शकतो. अँड्रॉइड फोनांत यावर एक युक्ती केलेली आहे. तेथे आराखडे एक्सएमएलमध्ये लिहितात, परंतु आज्ञावली बांधतानाच त्यांना यंत्रास लवकर वाचता येईल असे संक्षिप्त रूप देतात. फोनवर खिडकी उघडताना ते रूप पुन्हा ‘फुगविले’ जाते. या क्रियेस अभियंते फुगविणे याच अर्थाचा इंग्रजी शब्द वापरतात.

दुसरे कारण चुकीचे. आपण वर म्हटले की, आज्ञावली वस्तूस अंतर्गत नावाने हाक मारते. आराखड्यात कोणी ‘देण्याचे बटण’ हे नाव बदलून ‘देणे बटण’ असे केले आणि आज्ञावली मात्र जुन्याच नावाने हाक मारीत राहिली, तर उत्तर येत नाही. शोधाचे फळ शून्य. त्या शून्यास बटण समजून आज्ञावली पुढे गेली की ती कोसळते. सर्व मजकूर एकत्र असता तर अशी चूक कंपायलरने आज्ञावली घराबाहेर पडण्यापूर्वीच दाखवून दिली असती. आराखडा वेगळा ठेवला म्हणजे ती कळते उघडण्याच्या क्षणी, कदाचित ग्रंथालयात, मुलांची रांग लागलेली असताना. म्हणून सुज्ञ अभियंते दोन गोष्टी पाळतात. उभारणी झाल्याबरोबर हव्या त्या सर्व वस्तू सापडल्या की नाहीत हे तपासून पाहतात, आणि एखादी न सापडल्यास तिचे नाव सांगणारा स्पष्ट संदेश देतात. अँड्रॉइडमध्ये वस्तूंच्या नावांचे आधीच क्रमांक करून ठेवलेले असतात. त्यामुळे आराखड्यात कोठेच नसलेल्या नावाने हाक मारली, तर ती चूक बांधणीच्या वेळीच उघडकीस येते.

तिसरे कारण विश्वासाचे. जी फाईल ग्रंथपालबाईंना बदलता येते, ती दुसऱ्या कोणासही बदलता येईल. कोणी खोडसाळपणे ‘जतन करा’ आणि ‘काढून टाका’ या दोन बटणांवरील अक्षरांची अदलाबदल केली, तर आज्ञावलीस त्याचा पत्ता लागत नाही. तिच्या दृष्टीने अंतर्गत नावे जशीच्या तशी आहेत. नुकसान होईल ते त्या अक्षरांवर विश्वास ठेवणाऱ्याचे. म्हणून आराखड्याची फाईल कोणास लिहिता यावी याचा विचार आधी करावा लागतो. आराखडा इंटरनेटवरून येत असेल तर तो खरोखर आपल्याच माणसाकडून आला आहे, याची खात्री करून घ्यावी लागते.

तात्पर्य, दोन्ही मार्गांस आपापली जागा आहे. जे रूप क्वचित बदलते आणि जेथे चूक परवडणार नाही, तेथे आराखडा आधीच आज्ञावलीत मिसळणे बरे. जेथे रूप वापरणाऱ्यांच्या सोयीने वरचेवर बदलावयाचे आहे, तेथे तो बाहेर ठेवणे बरे.

मराठीचा प्रश्न

भाषा ही अशी वरचेवर बदलण्याची बाब आहे, आणि येथेच आमच्यासारख्या वाचकांचा या विषयाशी खरा संबंध येतो. ज्या गावी एकाच शाळेच्या आवारात मराठी आणि कन्नड, किंवा मराठी आणि गुजराती, बोलणारी मुले वावरतात, तेथे दोन आज्ञावल्या लिहिणे कोणासही परवडणार नाही. देवघेवीचे गणित दोघांस एकच. फरक केवळ अक्षरांचा.

याची तरतूद दोन प्रकारे करतात. नेक्स्टच्या परंपरेत प्रत्येक भाषेचा एक कप्पा असे आणि त्यात त्या भाषेचा संपूर्ण आराखडाच ठेवता येत असे. क्यूटमध्ये आराखडा एकच ठेवून त्यातील वाक्यांचे भाषांतर निराळ्या कोष्टकात ठेवतात, आणि आज्ञावली सुरू होताना योग्य भाषेचे कोष्टक उघडतात. अँड्रॉइडमध्येही भाषावार कप्पे असतात. मराठीसाठी ‘एमआर’ ही दोन अक्षरांची आंतरराष्ट्रीय खूण आहे. फोनची भाषा मराठी केली की यंत्रणा त्या खुणेचा कप्पा शोधते. तो असेल तर आज्ञावली मराठीत उघडते. नसेल तर मूळ भाषेत. आज्ञावलीतील एक अक्षरही यासाठी बदलत नाही. घरच्या फोनवर वडीलधाऱ्यांच्या अनुमतीने हा प्रयोग कोणासही करून पाहता येईल. काही आज्ञावल्या तत्काळ मराठी होतात, काही तशाच इंग्रजी राहतात. ज्या इंग्रजी राहतात त्यांच्या बाबतीत दोष बहुधा यंत्राचा नसतो. तो कप्पा कोणी भरलेला नसतो, एवढेच.

परंतु कप्पा भरणे म्हणजे शब्दास शब्द ठेवणे नव्हे. इंग्रजी ‘सेव्ह’ हा शब्द चार अक्षरांत संपतो. ‘जतन करा’ यास अधिक जागा लागते. ठिपके मोजून आखलेल्या बटणात ती अक्षरे मावत नाहीत. उंचीचीही अडचण आहे. ‘पूर्ण’ हा साधा शब्द घ्या. त्याचा उकार ओळीखाली उतरतो आणि रफार शिरोरेखेच्या वर चढतो. इंग्रजी अक्षरांच्या मापाने केलेल्या चौकटीत यांपैकी एक तरी कापला जाण्याचा संभव असतो. म्हणूनच चांगल्या आराखड्यात ठिपक्यांचे आकडे नसतात. मांडणी असते, जी अक्षरांस किती जागा हवी ते विचारून मग ती देते.

वाक्यरचनेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. इंग्रजीत तीन आधी आणि दहा नंतर येतात. मराठीत आपण ‘१० पैकी ३ पुस्तके’ म्हणतो. आज्ञावलीने तुकडे जोडून वाक्य केले असेल, तर मराठीत ते उलटे होऊन बसते. म्हणून कोष्टकात संपूर्ण वाक्य ठेवून आकड्यांच्या जागी पहिली रिकामी जागा, दुसरी रिकामी जागा असे क्रमांक घालतात. भाषांतर करणारास त्या जागा आपल्या भाषेच्या वळणाप्रमाणे मागेपुढे करता येतात.

आणि अर्थाचा प्रश्न तर आहेच. ‘इश्यू’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ मासिकाच्या बाबतीत अंक, वादविवादात मुद्दा, आणि ग्रंथालयाच्या बटणावर पुस्तक देणे. ज्याच्यापुढे केवळ शब्दांची यादी आली आहे, तो बटणावर ‘मुद्दा’ असे लिहून मोकळा होईल. ज्याने खिडकीचा आराखडा उघडून पाहिला आहे, तो ‘पुस्तक द्या’ असे लिहील. यंत्राने भाषांतर केले तरी हा विवेक कोणा जाणत्या माणसासच करावा लागतो.

देवनागरी अक्षरे संगणकावर सर्वत्र सारखी उमटण्याची मूलभूत सोय युनिकोडने करून ठेवली आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीसाठी १२८ स्थानांचा विभाग राखलेला होता. आराखडे बाहेर ठेवण्याची रीतही सिद्ध आहे. उरते ते कप्पे भरण्याचे काम. पुष्कळ मुक्त आज्ञावल्यांची भाषांतरे स्वयंसेवकांच्या हातून होतात, आणि त्या कामास थोर अभियंता असण्याची अट नाही. नेमकी मराठी आणि इंग्रजीची समज एवढे भांडवल पुरते.

विद्यार्थिमित्रहो, ज्यांना आज्ञावली लिहिण्याची हौस आहे त्यांनी पायथनसारखी भाषा आणि डिझायनरसारखे साधन घेऊन दोन चौकटींची व दोन बटणांची एक खिडकी मांडून पाहावी. तिचा आराखडा वेगळ्या फाईलमध्ये ठेवावा आणि आज्ञावली सुरू करावी. मग ती बंद करून आराखड्यातील एक शब्द बदलावा आणि आज्ञावली पुन्हा उघडावी. मूळ मजकुरास स्पर्श न करता नवा शब्द दिसेल. त्यानंतर मुद्दाम एक अंतर्गत नाव बदलून काय बिघडते तेही पाहावे. या दोन प्रयोगांनी या लेखातील बहुतेक गोष्टी हातास कळतील. आणि शाळेच्या ग्रंथालयासाठी अशी आज्ञावली पुढेमागे कोणी केलीच, तर बटणांवर काय लिहावे हे ठरविण्यापूर्वी पाचवीतील एखाद्या मुलास ती अक्षरे वाचावयास सांगावीत. ती त्यास अडखळल्याविना वाचता आली, म्हणजे आराखडा बाहेर ठेवण्याचे श्रम कारणी लागले असे समजावे.